पुस्तकातील वाद आणि परीक्षेतील उत्तर

महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावीची परीक्षा ६०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गुण तीन भाषांचे आणि १०० गुण इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल मिळून होणाऱ्या सामाजिक शास्त्रांचे. गणित आणि विज्ञान यांच्या वाट्याला उरतात २००. शिकवणी वर्गांची फी, पालकांची काळजी आणि विद्यार्थ्यांची झोप मात्र या २०० गुणांवर खर्च होते. उरलेले ४०० गुण ‘पाठ केले की मिळतात’ असा सार्वत्रिक समज आहे, आणि परीक्षेचे स्वरूप पाहता तो फारसा चुकीचाही म्हणता येत नाही.

भाषा, वादविवाद आणि मानव्यविद्या यांची नावे वेगळी असली, तरी माध्यमिक वयात त्यांनी मिळून एकच गोष्ट शिकवायची असते. एखाद्या प्रश्नावर मत बनवणे, त्याला कारण देणे, कारणामागे पुरावा उभा करणे आणि समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून त्याला उत्तर देणे, ही ती गोष्ट. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींची बुद्धी या कामाला तयार झालेली असते; घरात आणि मैत्रीत ती हे काम रोज करत असतात. राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही त्याची बरीच तरतूद आहे. ती वर्गात उतरत नाही, कारण परीक्षा तिची मागणीच करत नाही.

आधी इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे मराठी माध्यमातला विद्यार्थी दहावीला येतो तेव्हा त्याने सलग दहा वर्षे ही भाषा शिकलेली असते. दहावीच्या ‘कुमारभारती’चा आराखडा भाषेच्या वापरावर बेतलेला आहे. प्रश्नपत्रिकेला ‘कृतिपत्रिका’ म्हणतात ते त्यामुळेच. पत्र, भाषणाचा मसुदा, संवाद, बातमी, तक्त्यातील माहितीवरून परिच्छेद आणि परिच्छेदावरून तक्ता, अशा कृती त्यात येतात. व्याकरणाचे नियम घोकवून घेणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा हा विचार निश्चितच पुढचा आहे.

कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न जवळून पाहिला की या विचाराचे वर्गात काय होते ते कळते. कवितेचे शीर्षक, कवीचे नाव, यमकरचना, एखादा अलंकार, मध्यवर्ती कल्पना आणि कविता का आवडली, असे त्याचे ठरलेले मुद्दे असतात. मुद्दे योग्यच आहेत. नवख्या वाचकाला काही आधार लागतो. पण पुस्तकात मोजक्याच कविता असल्याने प्रत्येकीचे रसग्रहण तयार मिळते, वहीत उतरवले जाते आणि पाठ होते. ‘कविता का आवडली’ याचे उत्तर बहुतेक वह्यांत सारखेच असते: भाषा साधी आहे आणि संदेश मोलाचा आहे. हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चालते. विद्यार्थ्याला कविता कळली नाही, कंटाळवाणी वाटली किंवा तिच्यातला विचार पटला नाही, तर ते लिहिण्याची जागा त्या चौकटीत उरलेली नसते. आवडीनिवडीचा प्रश्न विचारून आवड आधीच ठरवून दिल्यासारखे होते.

भाषेच्या पायाचीही स्थिती लक्षात घ्यावी लागते. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ अहवालानुसार ५७.३ टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही अस्खलित वाचता आला नाही. पाहणी २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांची आहे, तेव्हा हे आकडे थेट महाराष्ट्राचे म्हणून वापरता येत नाहीत. पण ज्या मुलाला वाक्याचा अर्थ लावताना धाप लागते त्याच्याकडून इंग्रजीत युक्तिवादाची अपेक्षा करण्याआधी, त्याला स्वतःच्या भाषेत युक्तिवाद करायला कोणी शिकवले का, हा प्रश्न त्यातून निघतो.

त्याचे उत्तर सेमी-इंग्रजीच्या व्यवस्थेत शोधावे लागते. राज्यातील असंख्य मराठी शाळांनी पटसंख्या टिकवण्यासाठी हा मार्ग धरला. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. इतिहास, भूगोल मराठीतून. या वाटणीची चर्चा होते ती मराठीच्या भवितव्याच्या अंगाने. तिचा विचारशिक्षणावरचा परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. इंग्रजी मुलाला भेटते ते व्याख्या, सूत्रे आणि प्रयोगाच्या कृतीत, म्हणजे जिथे मतभेदाला जागा नाही तिथे. जिथे माणसांचे हेतू, अन्याय, कारणे आणि जबाबदारी यांच्याविषयी बोलायचे असते, ते विषय मराठीत आणि वेगळ्या शिक्षकाकडे असतात. इंग्रजीच्या तासाला वाक्यरचना असते, पण पोटतिडकीने मांडावे असे काही नसते. इतिहासाच्या तासाला असे पुष्कळ असते, पण मांडणी शिकवणे हे आपले काम आहे असे इतिहासाच्या शिक्षकाला कोणी सांगितलेले नसते.

इतिहासाचे पुस्तक तरी दुबळे आहे का? मुळीच नाही. २०१८ साली आलेले दहावीचे ‘इतिहास आणि राज्यशास्त्र’ हे भारतातील शालेय पुस्तकांत वेगळे उठून दिसेल असे पुस्तक आहे. राजे, लढाया आणि सनावळ्या बाजूला ठेवून ते इतिहास लिहिला कसा जातो इथून सुरुवात करते. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स यांच्यापासून स्त्रीवादी इतिहासलेखन आणि मायकेल फुकोपर्यंतची पाश्चात्त्य परंपरा पहिल्या प्रकरणात येते. दुसऱ्यात भारतीय परंपरा: कल्हणाची ‘राजतरंगिणी’, बखरी, वसाहतवादी आणि राष्ट्रवादी लेखन, वि. का. राजवाडे, वंचितांचा इतिहास. पुढे कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, वारशाचे जतन. भूगोलाचे पुस्तकही भारत आणि ब्राझील या दोन देशांची सतत तुलना करत जाते आणि क्षेत्रभेटीने सुरू होते. तुलना हा विचार करण्याचा एक उत्तम मार्ग आहे, आणि तो संपूर्ण पुस्तकाचा कणा करण्याचे धाडस लेखकांनी केले याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

या पुस्तकाचा विद्यार्थ्याशी होणारा व्यवहार मात्र स्वाध्यायाच्या पहिल्या प्रश्नावरच घसरतो. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? पर्याय चार: व्हॉल्टेअर, देकार्त, रांके, मार्क्स. ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ हा ग्रंथ कोणाचा? पुन्हा पर्याय चार. ज्या प्रकरणाचा सारा रोख कोणतेही विधान पुराव्याशिवाय मान्य करू नये असा आहे, त्यावर विद्यार्थ्याला एक विधान पुराव्याशिवाय मान्य करायला लावले जाते. व्हॉल्टेअरला जनक म्हणावे की रांकेला, हा खरोखर वादाचा विषय आहे. व्हॉल्टेअरने समाज, व्यापार, शेती यांना इतिहासात जागा दिली. रांकेने मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेची शिस्त घालून दिली. जनकपण कशावरून ठरवायचे, हे पंधरा वर्षांच्या मुलीला विचारले तर ती दहा ओळी लिहू शकेल, आणि त्या दहा ओळींत प्रकरणाचे सार येईल. पर्यायापुढची खूण तिला तिथवर पोहोचू देत नाही.

मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. नावाप्रमाणे तिथे विद्यार्थ्याचे स्वतःचे मत अपेक्षित आहे. पण बाजारातल्या मार्गदर्शकांत स्वमताची उत्तरेही छापलेली असतात, आणि ती लिहिणाऱ्याला गुण मिळतात. बारावीच्या इंग्रजीत तर गटचर्चेवर लेखी प्रश्न असतो. विद्यार्थी एकटा बसून तीन-चार काल्पनिक व्यक्तींची वाक्ये लिहितो. पहिला विषय मांडतो, दुसरा सहमत होतो, तिसरा थोडे वेगळे सांगतो, शेवटी सगळ्यांचे एकमत होते. गटचर्चेत शिकण्यासारखे जे असते, म्हणजे समोरच्याने अनपेक्षित मुद्दा काढल्यावर आपला मुद्दा सावरणे किंवा सोडून देणे, ते या लेखी कृतीत येऊच शकत नाही.

शाळेत हे शिकण्याची दुसरी जागा म्हणजे वक्तृत्व आणि वादविवाद. या बाबतीत महाराष्ट्राची पुण्याई मोठी आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ सुरू केली. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई, आणि त्याच मंडळींनी १८४९मध्ये मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी या कामात पुढे होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले, लोक ते ऐकायला जमत, आणि त्या वादांची नोंद पुस्तकरूपाने निघाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, हा टिळक-आगरकरांचा वाद एका पिढीने वर्तमानपत्रांतून श्वास रोखून वाचला. या सगळ्यांत ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवायचे होते. वादाचा निकाल त्याच्या जगण्याला लागू होता.

आजच्या शालेय स्पर्धेतून नेमके हेच हरवले आहे. मोबाइल शाप की वरदान, पर्यावरणाचा ऱ्हास, वाचनसंस्कृती, असे विषय वर्षानुवर्षे फिरत राहतात. भाषण शिक्षक किंवा पालक लिहून देतात, मूल ते पाठ करते. परीक्षक आवाज, उच्चार, हावभाव आणि पाठांतर पाहतात, आणि भाषणाच्या मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही. पाठांतराने भीड चेपते, उच्चार सुधारतात, सभेत उभे राहण्याचे धैर्य येते. या लाभांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्याच्या भाषणाला कोणी अडवले नाही, त्याला आपल्या म्हणण्याची ताकद कधीच कळत नाही. दोन्ही बाजूंची भाषणे होतात तिथेही बाजू स्वतःच निवडलेली असते आणि खंडनासाठी वेगळा वेळ नसतो.

जागतिक शालेय वादविवाद स्पर्धा १९८८पासून होते. तिच्या नियमांतून बरेच शिकण्यासारखे आहे. प्रत्येक बाजूला तीन वक्ते, आठ-आठ मिनिटांची भाषणे, नंतर चार मिनिटांचे समारोपाचे उत्तर. भाषणाच्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाखेरीज प्रतिपक्ष उभा राहून प्रश्न विचारू शकतो. बाजू वाटून दिली जाते, आणि काही विषय केवळ तासभर आधी कळतात. २०१९ साली ही स्पर्धा भारताच्या संघाने जिंकली, त्यामुळे भारतीय मुलांना हे जमत नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. पण अशा स्पर्धांत उतरणारी मुले मुख्यतः मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून येतात. वाटून आलेली बाजू मांडण्याचा नियम आपल्याकडे परकाही नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांनी सत्यासाठी होणारी चर्चा, जिंकण्यासाठी होणारी चर्चा आणि स्वतःचा पक्षच नसलेले नुसते खंडन यांत भेद केला, आणि भारतीय शास्त्रग्रंथांनी आधी पूर्वपक्ष शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडायचा आणि मग उत्तरपक्षाकडे वळायचे, अशी शिस्त पाळली. जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे मराठीत करता येते. त्याला ना इंग्रजी लागते ना पैसा.

तिन्ही विषय एकत्र आणणारा धडा कसा असू शकतो, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते ताब्यात घेऊन जाळली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. याची कारणे गुंतागुंतीची आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, इंग्लंडला अमेरिकन कापूस मिळेना. १८६२मध्ये ब्रिटनच्या कापूस आयातीतला बहुतांश वाटा भारताचा होता. दख्खनमध्ये उधारी मुबलक मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले. त्याच सुमारास फेरआकारणीत शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य ठरत असे. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा सावकारांनी उलटा उपयोग केला: दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले. सरकारने आयोग नेमला, आणि त्याचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. त्याचा निष्कर्ष असा की दोष सावकारांचा. सरकारी सारा हे दंग्याचे कारण नाही. १८७९मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला.

या अहवालातली दोन पाने इंग्रजीच्या तासाला वाचता येतील. भाषा अवघड आहे, पण शेतकऱ्याची साक्ष आणि आयोगाचा निष्कर्ष शेजारी ठेवले तर मुलांना शब्दकोश उघडण्याचे कारण मिळते. इतिहासाच्या तासाला प्रश्न असा: अहवाल कोणी लिहिला, कोणासाठी, आणि सारा जबाबदार नाही असे म्हणण्यात त्याचे हित होते का? हित होते म्हणून निष्कर्ष आपोआप खोटा ठरतो का? जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ काही वर्षांनी लिहिला गेला. तो सावकार, नोकरशाही आणि सारा यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. त्यालाही हाच प्रश्न विचारायचा: कोणी लिहिले, कोणासाठी? मग वादविवादासाठी वर्गाची विभागणी करायची. एका बाजूने सावकारांवर, दुसऱ्या बाजूने सरकारवर जबाबदारी ठेवायची, आणि अर्ध्या वेळाने बाजू बदलायच्या. बाजू बदलताना मूल अडखळते, कारण मघाशी स्वतःच दिलेले कारण आता त्याला खोडायचे असते. ते अडखळणे म्हणजे इतिहासलेखनाच्या प्रकरणाचा खरा अभ्यास.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मूल्यमापनाचा आहे. दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतात. उत्तरपत्रिका तपासणारे हजारो शिक्षक जर मोकळ्या उत्तरांना आपापल्या मताप्रमाणे गुण देऊ लागले, तर अकरावीच्या प्रवेशात अन्याय होईल, आणि तो बहुधा गरीब घरच्या मुलाच्या वाट्याला येईल. ठरलेले उत्तर निदान सर्वांना सारखे असते. हा युक्तिवाद टाळून पुढे जाता येत नाही.

राज्य मंडळाच्या अलीकडच्या इतिहासात या आक्षेपाची परीक्षाही होऊन गेली आहे. भाषा विषयांत २० गुण शाळेने द्यायचे असत, आणि त्यांत तोंडी परीक्षेचा मोठा भाग होता. अनेक शाळा हे गुण सरसकट देतात, असे दिसल्याने २०१९च्या परीक्षेपासून ते काढण्यात आले. २०१८मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतात म्हणून ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ हे नव्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष होते आणि २०२०मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले; तेवढा भाग वेगळा काढला तरी चढउतार बोलका आहे. या तिन्ही वर्षांत चर्चा झाली ती निकालाच्या टक्केवारीची. मूल बोलायला शिकले का, ऐकून समजून घ्यायला शिकले का, हा प्रश्न गुण काढतानाही आला नाही आणि परत देतानाही आला नाही. जी परीक्षा नीट घेतली जात नव्हती, ती आधी रद्द झाली आणि मग तशीच परत आली. ती नीट घेण्याचा तिसरा मार्ग कोणी चालून पाहिला नाही.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: वर्गात वाद नको, पालक तक्रार करतील. दहावीच्या राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने ही प्रकरणे आहेत. शिक्षक ती टीपा लिहून देऊन संपवतात, कारण चर्चा पेटली तर सावरायची कशी हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. केंद्रीय पुस्तकांत २०२२-२३च्या फेररचनेत दहावीच्या राज्यशास्त्रातून लोकचळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने या विषयांची प्रकरणेच वगळली गेली. विषय पुस्तकातून गेल्याने मुलांच्या आयुष्यातून जात नाही. तो मोबाइलवर येतो, आणि तिथे पूर्वपक्ष ऐकून घेण्याची शिस्त लावायला कोणी नसतो. शिक्षकाने स्वतःचे मत न सांगता दोन्ही बाजूंना पुरावा मागत राहणे हे शिकता येण्यासारखे कौशल्य आहे, आणि सेवांतर्गत प्रशिक्षणात त्याला जागा मिळायला हवी.

हे केवळ हुशार मुलांसाठी आहे, हा गैरसमजही दूर व्हायला हवा. ‘असर’च्या त्याच पाहणीत अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते. विज्ञानाला प्रवेश न मिळालेल्यांची शाखा म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, तिथे ग्रामीण भारतातली निम्म्याहून अधिक मुले शिकतात. दहावीपर्यंत मांडणी न शिकलेली ही मुले पुढे टीपांवरच पदवी घेतात आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत पहिल्यांदा कोणी त्यांना ‘असे का म्हणता?’ असे विचारते.

शाळेने द्यायच्या त्या २० गुणांमध्ये याची सुरुवात करता येईल. आठवडाभर आधी वाचायला दिलेला एक उतारा आणि त्यावरचे दोन परस्परविरोधी दावे, इतकेच साहित्य पुरते. मुलाने तीन मिनिटे एक बाजू मांडावी, परीक्षकाने दुसऱ्या बाजूने दोन प्रश्न विचारावेत. गुण तीनच गोष्टींना: दाव्यामागे कारण आहे का, कारणाला उताऱ्यातला आधार आहे का, आणि प्रश्न ऐकून उत्तर दिले की पाठ केलेलेच पुन्हा म्हटले. कोणती बाजू मांडली याला गुण नाहीत, म्हणून परीक्षकाच्या मताचा प्रश्न बराचसा मिटतो. शेजारच्या शाळेतला परीक्षक बोलावला आणि ध्वनिमुद्रण ठेवले, तर सरसकट गुणांची तक्रारही तपासता येते. मराठीत हे आठवीपासून आणि इंग्रजीत नववीपासून करता येईल. पन्नास मुलांच्या वर्गाला प्रत्येकी सहा मिनिटे धरली तरी एकूण पाच तास लागतात, आणि शाळांच्या वेळापत्रकात एका भाषेच्या तोंडी परीक्षेसाठी तेवढे तास काढणे अवघड नाही.